घराच्या दारातून थेट विजेत्यांच्या दालनात : पोकेमॉनमधला ‘वार्प ग्लिच’ नेमका घडतो कसा?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी नववी-दहावीची मुले येतात. मागच्या महिन्यात अभ्यास आटोपल्यावर चार-पाच जण एका मोबाईलभोवती गोळा झाले होते. ‘पोकेमॉन रेड’ या जुन्या गेमचा व्हिडिओ चालू होता. खेळणाऱ्याने गेम नुकताच सुरू केलेला. त्याच्याकडे स्वतःचा एकही पोकेमॉन नाही. तो वरच्या खोलीतून जिना उतरतो, घराच्या दारातून बाहेर पाऊल टाकतो आणि गावच्या रस्त्यावर येण्याऐवजी थेट विजेत्यांच्या दालनात उभा राहतो. तिथे प्राध्यापक ओक त्याचे अभिनंदन करतात आणि गेम संपतो! एरवी हा गेम पूर्ण करायला २५-३० तास सहज लागतात.

“दादा, हे हॅक आहे ना?” एकाने विचारले. दुसरा म्हणाला, “नाही रे, गेमच खराब आहे.” तिसऱ्याने व्हिडिओच खोटा ठरवला.

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. व्हिडिओ खरा आहे. बाहेरून कोणी गेममध्ये घुसलेले नाही. आणि गेम ‘खराब’ म्हणावा, तर त्याने प्रत्येक पायरीवर त्याला सांगितलेलेच काम केले आहे. मग हे घडले कसे? आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. तरीही मुलांसोबत बसून हे समजून घेतले. ते इथे मांडत आहोत, कारण त्यातून कळलेली गोष्ट केवळ गेमपुरती नाही.

आधी गेमविषयी

आमच्या पिढीला पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून बोलणारा. पण मूळ पोकेमॉन हा गेम आहे. गेम फ्रीक या जपानी कंपनीने तो बनवला आणि निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या नावांनी तो बाजारात आला. १९९८ मध्ये ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या इंग्रजी आवृत्त्या अमेरिकेत आल्या. हा भूमिका निभावण्याचा खेळ आहे. म्हणजे आपण एका मुलाची भूमिका घ्यायची, गावोगाव फिरायचे, पोकेमॉन पकडायचे, आठ बिल्ले जिंकायचे, शेवटी चार दिग्गजांना आणि विजेत्याला हरवायचे. मग ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे विजेत्यांच्या दालनात, आपली नोंद होते.

गेम बॉयची चालू कामासाठीची स्मरणशक्ती होती फक्त ८ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेल्या एका साध्या फोटोला याच्या शेकडो पट जागा लागते. एवढ्याशा जागेत खेळाडूचे नाव, पैसे, पिशवीतल्या वस्तू, पोकेमॉन, तो उभा आहे ते ठिकाण असे सगळे मांडायचे होते.

ही स्मरणशक्ती कशी असते? एक लांबलचक भिंत डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर ओळीने हजारो रकाने आखले आहेत. प्रत्येक रकान्यात ० ते २५५ यांपैकी एकच आकडा मावतो. या रकान्याला ‘बाइट’ म्हणतात. कोणत्याही रकान्यावर ‘हे पैसे’, ‘हे गाव’ अशी पाटी नसते. अमुक क्रमांकाच्या रकान्यात गावाचा आकडा आहे, हे फक्त प्रोग्रॅमला ठाऊक असते. रकान्याला स्वतःला काहीच ठाऊक नसते. सगळा ग्लिच या एका गोष्टीवर उभा आहे.

दार म्हणजे काय?

आपल्याला स्क्रीनवर घर दिसते, दार दिसते, आपण आत जातो. गेमसाठी मात्र घराच्या ‘आत’ असे काही नसते. गाव हा एक नकाशा, घराचा खालचा मजला हा दुसरा, वरचा मजला हा तिसरा. प्रत्येक नकाशाला क्रमांक आहे. नायकाचे गाव पॅलेट टाऊन म्हणजे ०, त्याच्या घराचा खालचा मजला ३७, वरचा ३८. विजेत्यांच्या दालनाचा क्रमांक ११८.

एका नकाशातून दुसऱ्यात जाण्याच्या उडीला ‘वार्प’ म्हणतात. म्हणजे साधे दार हाही वार्पच. प्रत्येक नकाशासोबत त्याच्या दारांची यादी असते आणि प्रत्येक दाराची नोंद चार आकड्यांची असते. पहिले दोन आकडे हे दार नकाशावर कुठे आहे ते सांगतात, म्हणजे किती आडवे आणि किती उभे. तिसरा आकडा सांगतो, पलीकडच्या नकाशातल्या कितव्या दारापाशी निघायचे. चौथा सांगतो, पलीकडचा नकाशा कोणता.

इथे एक खुबी आहे. इमारतीतून बाहेर पडण्याच्या दारांवर चौथ्या आकड्याच्या जागी बहुधा गावाचा क्रमांक नसतो. तिथे २५५ असतो. त्याचा अर्थ ‘आधी ज्या बाहेरच्या नकाशावर होतास, तिथे परत जा’. हे ‘आधीचे ठिकाण’ गेम एका वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो. आपण गावातून घरात शिरलो की त्या रकान्यात गावाचा क्रमांक पडतो. बाहेर पडताना दार तो रकाना वाचते आणि आपल्याला तिथे सोडते.

रोजच्या वापरात यात काही चूक नाही. माणूस ज्या गावातून इमारतीत शिरला, त्याच गावात बाहेर पडणार. पण दार ‘तू खरेच कुठून आलास?’ असे विचारत नाही. ते फक्त रकाना वाचते. त्या रकान्यातला आकडा आणि वस्तुस्थिती यांची फारकत झाली, की दार आपल्याला भलतीकडे नेते.

पहिला प्रकार : सफारी आणि विस्कटलेले शहर

ही फारकत कशी होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे सफारी झोन. फ्युशिया सिटी या शहरात तो आहे. ५०० भरून आत जायचे. ३० खास चेंडू आणि ५०० पावले मिळतात. पावले संपली की घंटा वाजते आणि खेळाडूला प्रवेशद्वाराच्या इमारतीत आणून सोडले जाते.

खेळाडूंच्या लक्षात आले, की आत जाऊन लगेच परत फिरायचे. ‘निघायचे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचे, तिथे गेम सेव्ह करून यंत्र बंद-चालू करायचे आणि पुन्हा दारापाशी यायचे. आता दारावरचा कर्मचारी आपण नव्यानेच आलो आहोत असे समजून विचारतो, ‘सफारी खेळायची का?’ त्याला ‘नाही’ म्हटले की तो जाऊ देतो. आपण शहरात येतो. पण ‘सफारी चालू आहे’ ही खूण पुसली गेलेली नसते. पावलांची मोजणी चालूच राहते.

आता आपण दूर कुठेतरी जातो. पाचशेवे पाऊल पडते आणि आपण उघड्या रस्त्यावर असताना सफारीची घंटा वाजते! गेम आपल्याला उचलून प्रवेशद्वाराच्या इमारतीत ठेवतो. त्याच वेळी ‘आधीचे ठिकाण’ या रकान्यात त्या दूरच्या रस्त्याचा क्रमांक पडतो, कारण आपण तिथूनच इमारतीत आलो.

इमारतीतून बाहेर पडायच्या दारावर लिहिलेले आहे : ‘आधीचे ठिकाण, दार क्रमांक ५’. फ्युशिया सिटीत पाचवे दार म्हणजे सफारीचे प्रवेशद्वार. एरवी हे बरोबर जुळते. पण आता ‘आधीचे ठिकाण’ आहे एक रस्ता, ज्यावर कदाचित एक-दोनच दारे असतील. पाचवे दार तिथे नाहीच. गेम थांबत नाही. यादी संपली तरी तो पुढे मोजत जातो आणि पाचव्या नोंदीच्या जागी जे काही आकडे असतील, तेच दाराचा पत्ता म्हणून घेतो. परिणामी आपण नकाशाच्या हद्दीबाहेर जाऊन पडतो. घरांचे तुकडे, पाणी, झाडे, अक्षरे सगळे कालवल्यासारखे दिसते. खेळाडूंनी याला ‘ग्लिच सिटी’ असे नाव दिले.

असे शहर गेममध्ये कोणीही बनवलेले नाही. एका ठिकाणचा पत्ता दुसऱ्या ठिकाणी लावला, त्यातून ते उभे राहिले. सुटकेचा मार्गही याच तर्काने सापडतो. ‘फ्लाय’ जाणणारा पोकेमॉन जवळ असेल तर उडून दुसऱ्या गावी जाता येते, कारण उडताना गेम नव्या गावाचा पत्ता नव्याने लिहितो.

दुसरा प्रकार : पिशवीतून बदललेले गाव

आता मुलांच्या व्हिडिओतला प्रकार. यात तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सेव्ह करण्याची. आपण ‘सेव्ह’ म्हणतो तेव्हा गेम सगळी माहिती एका दमात लिहीत नाही, तीन टप्प्यांत लिहितो. आधी नाव, पिशवी, ठिकाण अशी मुख्य माहिती. मग साठवणीच्या पेटीतले पोकेमॉन. शेवटी सोबतचे पोकेमॉन. प्रत्येक टप्प्यानंतर तो सेव्हमधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून तिच्यावरून एक पडताळणीचा आकडा काढतो आणि शिक्क्यासारखा शेवटी लिहितो. पुढच्या वेळी गेम उघडताना पुन्हा बेरीज होते. शिक्का जुळला तर सेव्ह ग्राह्य, नाही तर बाद.

खेळाडू आधी जुना सेव्ह पूर्ण पुसतो. पुसणे म्हणजे गेम सगळ्या रकान्यांत २५५ भरतो. मग नवा खेळ सुरू करून सेव्ह करतो आणि पहिल्या टप्प्याचा शिक्का बसल्यावर, पण तिसरा टप्पा लिहिला जाण्याआधी, यंत्र बंद करतो. हा क्षण अगदी थोडा असतो. तो साधायला सराव लागतो.

यंत्र पुन्हा चालू केले की गेम शिक्का तपासतो. शिक्का बरोबर जुळतो! कारण तो काढला तेव्हाही सोबतच्या पोकेमॉनच्या जागी २५५ च होते. ‘सोबत किती पोकेमॉन?’ या रकान्यात उत्तर असते २५५. सोबत जास्तीत जास्त सहाच पोकेमॉन ठेवता येतात, हा गेमचा स्वतःचाच नियम. पण उघडताना तो नियम कोणी तपासत नाही. शिक्का सांगतो की लिहिलेले तसेच राहिले आहे. लिहिलेले शहाणपणाचे आहे का, हे तो सांगत नाही.

दुसरी पायरी अदलाबदलीची. आता सोबतच्या पोकेमॉनची यादी सहाच्या पुढेही उघडते. सातवा, आठवा, नववा, दहावा. हे पोकेमॉन अस्तित्वातच नाहीत. सहा पोकेमॉनची जागा संपल्यावर पुढचे रकाने दुसऱ्या माहितीचे आहेत. दहाव्या पोकेमॉनसाठी गेम जे रकाने धरतो, त्यांत एक रकाना आहे ‘पिशवीत किती वस्तू?’ याचा. दोन पोकेमॉनची जागा बदलली की गेम त्यांचे रकाने इकडचे तिकडे करतो. दहाव्याची जागा २५५ ने भरलेल्या एखाद्याशी बदलली की पिशवीतल्या वस्तूंची संख्या होते २५५.

तिसरी पायरी पिशवीची. पिशवीत २० वस्तूंची जागा आहे. प्रत्येक वस्तूसाठी दोन रकाने. एकात वस्तू कोणती, दुसऱ्यात किती नग. आता यादी विसाव्या ओळीच्या पुढे सरकते आणि पिशवीनंतरचे रकाने वस्तू म्हणून दिसू लागतात. एकविसाव्या ओळीपासून पैसे, मग प्रतिस्पर्ध्याचे नाव अशी माहिती सुरू होते. तेहतिसाव्या ओळीत वस्तूच्या जागी आहे चालू नकाशाचा क्रमांक. आणि छत्तिसाव्या ओळीतल्या ‘नगां’च्या जागी आहे तोच रकाना : ‘आधीचे ठिकाण’.

पिशवीतल्या ओळींची अदलाबदल करता येते, वस्तू टाकून नग कमी करता येतात. ही सोय गेमनेच दिलेली आहे. तिचाच वापर करून खेळाडू छत्तिसाव्या ओळीतला आकडा ११८ करतो. गेमला वाटते, वस्तू हलवल्या. प्रत्यक्षात गावाचा पत्ता बदलला.

मग जिना उतरायचा आणि घराबाहेर पडायचे. दारावर लिहिले आहे २५५, म्हणजे ‘आधीचे ठिकाण’. दार रकाना वाचते : ११८. विजेत्यांचे दालन. तिथे पोहोचल्यावर दालनाचा ठरलेला प्रसंग आपोआप सुरू होतो, अभिनंदन होते, श्रेयनामावली येते. आलेला माणूस जिंकून आला का, हे दालनही विचारत नाही. जिंकल्याशिवाय इथे कोणी येऊच शकत नाही, हे त्याने गृहीत धरले आहे.

हे कळले कोणाला?

व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहताना मुलांनी हाच प्रश्न विचारला. उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटले. या गेमच्या चाहत्यांपैकी ‘प्रेट’ नावाच्या एका स्वयंसेवी गटाने गेमच्या कार्ट्रिजमधला संपूर्ण प्रोग्रॅम उलगडून माणसाला वाचता येईल अशा रूपात मांडला आणि सर्वांसाठी खुला केला. कोणता रकाना कशासाठी, कोणत्या दारावर काय लिहिले आहे, हे आज कोणीही वाचू शकतो. बाकी ज्ञान जमले ते करून पाहण्यातून. एकाने काहीतरी विचित्र पाहिले, दुसऱ्याने ते पुन्हा करून पाहिले, तिसऱ्याने कारण शोधले. पुन्हा करून दाखवता आले नाही तर दावा मान्य नाही, ही तिथली शिस्त.

याच मंडळींमध्ये कमीत कमी वेळात गेम संपवण्याच्या स्पर्धा होतात. ग्लिच वापरून केलेली नोंद आणि ग्लिच न वापरता केलेली नोंद वेगवेगळ्या वर्गांत ठेवतात. ग्लिच वापरणे हा गुन्हा नाही, पण वापरून तो लपवणे ही लबाडी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नियम कसे तयार होतात ते पाहायला मिळते. वरून कोणी लादले नाहीत, सोबत खेळणाऱ्यांनी आपसात ठरवले.

२०१६ मध्ये निन्टेन्डोने हे जुने गेम ३डीएस या यंत्रासाठी पुन्हा उपलब्ध केले, तेव्हाही या त्रुटी त्यात होत्याच. वीस वर्षांत त्या चूक न राहता गेमचा भाग बनल्या होत्या. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी : असे प्रयोग करताना सेव्ह कायमचा बिघडू शकतो. दुसऱ्याच्या गेमवर, त्याला न विचारता, ते करू नयेत.

आपल्यासाठी यात काय?

हे सगळे समजावून झाल्यावर आमच्यासोबत काम करणारी एक ताई म्हणाली, “हे तर आपल्या फॉर्मसारखंच झालं.” तिला आठवत होती गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी. कुटुंब जिल्हा बदलून इथे आलेले. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना जुन्या नोंदीतला पत्ता आपोआप आला आणि अर्ज जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन पडला. इथल्या खिडकीवर उत्तर मिळाले, “सिस्टीममध्ये तुमचा अर्ज इथला दिसत नाही.” तिथल्या खिडकीवर उत्तर मिळाले, “मुलगी इथे राहत नाही.” दोन्ही उत्तरे नोंदीप्रमाणे बरोबर होती. मुलगी मात्र दोन्हीकडून बाहेर. शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना एका अधिकाऱ्याने रहिवासाचा पुरावा समोर ठेवून नोंद दुरुस्त केली, तेव्हा काम झाले.

गेममधल्या दाराने जे केले, तेच इथे घडले. ‘आधीचे ठिकाण’ या रकान्यात जुना आकडा होता आणि प्रत्यक्ष माणसाकडे कोणी पाहिले नाही. फरक एवढाच, की गेममध्ये चुकीच्या ठिकाणी पोहोचणाऱ्याला गंमत वाटते. प्रत्यक्षात त्याचे वर्ष वाया जाते.

म्हणून मित्रांनो, ग्लिच शिकून सरकारी पोर्टलवर खटपटी करा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने प्रश्नही सुटत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ‘सिस्टीम असे दाखवते’ हे वाक्य ऐकून परत फिरू नका. सिस्टीम कोणत्या नोंदीवरून असे दाखवते, ती नोंद कधीची, ती कोणी तपासली आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारा. अर्जाची पोच घ्या. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा. तोंडी उत्तर मिळाले तर लेखी मागा. २००५ चा माहिती अधिकार कायदा यासाठीही आहे.

आणि ज्यांना गेम आवडतात त्यांनी खुशाल खेळावे. फक्त एखादे दार भलतीकडे उघडले की ‘जादू’ किंवा ‘हॅक’ म्हणून सोडून देऊ नये. आमच्या अभ्यासिकेतल्या ज्या मुलाने ‘गेमच खराब आहे’ म्हटले होते, त्याने पुढच्या रविवारी वहीत रकाने आखून आणले. पिशवीच्या पहिल्या ओळीपासून मोजत तो छत्तिसाव्या ओळीपर्यंत आला आणि स्वतः खात्री करून म्हणाला, “दादा, बरोबर तिथेच येतं.” आता त्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. अभ्यासिकेत एकच जुना संगणक आहे, तोही अधूनमधून बंद पडतो. वस्तीतल्या मुलांना आठवड्यातून एक तास संगणकाची तोंडओळख करून देऊ शकेल, असे आपल्यापैकी कोणी असेल, तर त्यांनी आपल्या जवळच्या अभ्यासिकेत जरूर जावे. तिथे प्रश्न विचारणारी मुले आधीच बसलेली आहेत.